पट्ट्याची पकड

पहिल्या आठवड्यात मी बाबांना काखेत हात घालून उचललं.
चुकलंच ते.
त्यांच्या डाव्या खांद्यात कळ गेली, माझी कंबर धरली,
आणि आम्ही दोघं पलंगाच्या काठावर
एकमेकांवर रुसल्यासारखे बसून राहिलो.

रुस्तावीतलं हे चौथ्या मजल्यावरचं घर.
खिडकीत पोलाद कारखान्याची चिमणी,
जिन्यात मांजरं, लिफ्टला नाणं लागतं.
मी जर्दाळूच्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत नाणी साठवते,
कारण मंगळवारी दवाखाना असतो
आणि ओतिया बेरुलावा यांचं वजन एकशे सहा किलो आहे.
कधीकाळी हे वजन ते मिशीला पीळ देत सांगत.
भुशाच्या रिंगणात, झुर्ना वाजत असताना,
कुतैसीपासून तेलावीपर्यंतचे गडी त्यांनी चितपट केले.
आता डावा पाय असून नसल्यासारखा.

खातुना आली. फिजिओथेरपिस्ट, माझ्यापेक्षा वीतभर बुटकी.
आल्या आल्या तिने गालिचा गुंडाळून कपाटामागे उभा केला.
बाबांचे लोकरी मोजे काढून बूट चढवले.
चाकांच्या खुर्चीचे ब्रेक दोनदा ओढून पाहिले,
खुर्ची धडधाकट बाजूला आणली, थोडी तिरकी,
आणि पिशवीतून एक रुंद पट्टा काढला.

पट्टा बघून बाबांनी
चार महिन्यांत पहिल्यांदा मान पुरती वर केली.

"गळ्यात हात घालू द्यायचे नाहीत," ती मला सांगत होती,
"लुळा हात ओढायचा नाही. पावलं गुडघ्यांखाली.
नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकू दे त्यांना,
मग बूड आपोआप हलकं होतं."
"पोरांना मी हेच..." बाबा म्हणाले. जीभ अजून जड होती.
"डोकं आधी. वजन... मागून येतं."
मग माझ्यावर डाफरले: "तू उचलतेस, लामारा.
माणूस उचलायचा नसतो. वळवायचा."

त्या दिवसापासून मी त्यांची पोरगी कमी, पठ्ठी जास्त.
माझे गुडघे ताठ दिसले की शिवी येते.
पाठ वाकली की दोन येतात.

नोव्हेंबरात एका पहाटे, न्हाणीघराच्या दारात,
त्यांचा चांगला गुडघाच दुमडला.
आधीची मी असते तर घट्ट धरून ठेवलं असतं
आणि दोघं आपटलो असतो.
मी पट्टा सोडला नाही, त्यांना अडवलंही नाही.
माझ्या मांडीवरून, नडगीवरून, इंच इंच,
जिन्यावरून पियानो उतरवावा तसं
त्यांना फरशीवर येऊ दिलं.

डोक्याखाली टॉवेल. कुठे लागलं का? बोटं हलवा.
लगेच उठवायचं नाही, खातुनाने बजावलं होतं.
मीही शेजारी आडवी झाले. फरशी गार होती.
"पहिले सहा महिने," बाबा छताकडे बघत म्हणाले,
"मी पोरांना नुसतं पडायला शिकवायचो.
तुला नाही शिकवलं. मुलगी म्हणून."
मी काही बोलले नाही. नळ ठिबकत होता.
मग गोदेर्द्झीला फोन केला, तो शेजारून पायजम्यातच आला,
आणि आम्ही एक खुर्ची पुढे, एक मागे ठेवून
त्यांना आधी गुडघ्यावर आणलं, मग बैठकीवर.
पंचवीस मिनिटं गेली. घाई कोणाला होती?

पट्टा मी शनिवारी धुते.
बाल्कनीतल्या दोरीवर, चादरींच्या मध्ये तो लोंबतो.
समोरच्या इमारतीतून गुलनाझी ओरडते,
"ओतियाने परत कुस्ती धरली की काय?"
"दिवसातून सहा वेळा," मी ओरडते.

तीनवर उठायचं, असं ठरलेलं आहे.
मी वाकते, पट्टा धरते, एक पाय पुढे.
एक, म्हणते. दोन.
ते कधी तीनपर्यंत थांबले आहेत?
मी अजून श्वास घेत असते
आणि बाबांचं नाक माझ्या खांद्यापाशी आलेलं असतं.