मधलं निळं

विडनेसच्या शाळेत, दुपारच्या तासाला,
पडद्यावर मीठ विरघळतंय.

तीन आठवडे खपून केलंय मी ते.
सोडियम जांभळा, क्लोरिन हिरवा,
ऑक्सिजन लाल, त्याला दोन पांढरे कान.
अणूला रंग नसतो
हे पहिल्याच फ्रेममध्ये लिहायचं होतं,
राहून गेलं.
रात्रभर कॉम्प्युटर धापा टाकायचा
स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
एकेक फ्रेम शिजायला अकरा मिनिटं.

पाण्याचे रेणू येतात, खड्याच्या कोपऱ्याला भिडतात,
लाल तोंड सोडियमकडे, पांढरे कान क्लोरिनकडे,
लग्नात पाहुणे आपापल्या बाजूला बसतात तसे.
ओढतात, वेढतात, घेऊन जातात.
मागे मी निळा रंग सोडला होता,
वर फिका, खाली गडद,
पाणी वाटावं म्हणून.

"मिस," लोगन रिग्बी म्हणाला
(याचा आजा नदीपलीकडे, रन्कॉर्नच्या कारखान्यात
तीस वर्षं मीठ फोडून क्लोरिन काढायचा),
"ते लाल-पांढरे म्हणजेच पाणी ना?"
हो.
"मग मधलं निळं काय आहे?"

वर्ग हसला.
मिसेस हॅलसॉलनी चष्मा कपाळावर चढवला
आणि माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता तूच निस्तर.
मी प्रयोगशाळेतली मदतनीस. बाटल्या धुते, लेबलं लावते.
म्हटलं, काही नाही.
"काही नाही निळं असतं?"

त्या रात्री निळं पुसलं.
एक क्लिक.
खाली काळं निघालं, तोही रंगच की.

मग एकेक उघडं पडत गेलं.
माझ्या पाण्यात रेणू मोजून चाळीस,
एकमेकांना वाट देत, रविवारच्या बागेतल्यासारखे.
खऱ्या पाण्यात मुंगी शिरायला जागा नाही.
सगळे भरून पाहिले, तर पडद्यावर नुसता
लाल-पांढरा रवा. मीठ कुठंय तेच दिसेना.
निम्मे काढले.
म्हणजे पुन्हा खोटं, पण निम्मं.

आणि माझा रेणू पहिल्याच खेपेला
नेमका सोडियम धरायचा,
पत्ता लिहून दिल्यासारखा.
त्याला कुठला आलाय पत्ता!
धडकतो, घसरतो, पाठ करून निघून जातो,
कुणीतरी दुसराच येतो, तोही चुकतो.
चुकणं रंगवायला फार वेळ लागतो, हे तेव्हा कळलं.
खाल्ल्या मिठाला जागायचं
म्हणजे हे असं, पहाटे तीनपर्यंत.

पुन्हा दाखवलं. कुणी हसलं नाही.
टीगन म्हणाली, आधीचं जास्त छान होतं.
बरोबर आहे तिचं.
लोगन म्हणाला, "उलटं चालवा ना."
मी बाण मागे ओढला.
जांभळे, हिरवे आपापल्या जागी परतले,
एकही वाट न चुकता, कोपऱ्यासकट खडा तयार.
"हे फसवं आहे," तो म्हणाला.

मी शिरोड्याच्या मिठागरात वाढलेली.
बाबा फावड्यानं आगर ओढायचे,
ऊन निघेल तेव्हा पाणी निघायचं,
आणि मीठ बसायचं त्याच्या सवडीनं,
वाकडं, चिखल पोटात घेऊन.
मला हे आधी आठवायला हवं होतं.

आज सकाळी रस्ता गोठलेला.
मीठ टाकणारी गाडी चढावरून गेली,
मागच्या चाकातून खडे उडवत.
बसस्टॉपवर लोगन, दप्तर एका खांद्यावर,
बुटाच्या टोकानं एक खडा सरकवत बसलेला.
मग वाकला. उचलला. उजेडात धरला.

खडा तपकिरी होता.
माझ्या फाइलीत तपकिरी नाही.