शंभरातून वजा

खंडेराव मार्केटमागच्या गल्लीत
चंपकभाई पुड्या बांधता बांधता विचारायचे,
'बेन, बधुं पावशेर पावशेर?
तूर पावशेर, वाल पावशेर, मठ, मसूर, चोळी...
घरी माणसं जेवतात की चिमण्या?'
मी म्हणायचे, 'जेवायला नाही हो, जाळायला नेतेय.'
ते हसायचे. मी खरंच सांगत होते.

कॉलेजचा तिसरा मजला, उत्तरेची खिडकी.
अर्धा ग्राम तुरीचं पीठ, लांब मानेचा चंबू,
वरून गंधकाम्ल, चिमूटभर मोरचूद.
आधी सगळं काळं पडतं, फसफसतं, मानेपर्यंत चढतं,
धुराड्याशी उभं राहून डोळे चुरचुरतात.
मग हळूहळू निवळत जातं.
डाळ कुठेच नसते. तळाशी हिरवट निळं पाणी,
आणि त्यातलं नत्र: तीन पूर्णांक सत्तावन्न.
त्याला सव्वासहाने गुणायचं, की झाली प्रथिनं.
पावकी, निमकी, सवायकी शाळेत घोकली होती,
सव्वासहाचा पाढा मात्र नोकरीत पाठ झाला.
तूर बावीस. मूग चोवीस. मसूर पंचवीस.
सोयाबीन चाळीसच्या घरात,
पण चंपकभाईंना त्याचं कौतुक नव्हतं.
'ए तो ढोरनुं खाण,' म्हणायचे.

कर्बोदकं आम्ही मोजत नव्हतो.
ऐकून लोक चकित होतात.
पाणी भट्टीत उडवून मोजायचं, राख जाळून,
तेल ईथरमध्ये उतरवून, चोथा वेगळा.
मग शंभरातून एकेक वजा.
उरेल ते कर्बोदक. तुरीचं सत्तावन्न पूर्णांक सहा.
अर्ध्याहून जास्त डाळ,
आणि तिला कुणी हातही लावलेला नाही.
मला ते खटकायचं. खोर्शेदबाई चष्म्यावरून बघायच्या,
'कुंदा, जे राहिलं ते राहिलं. लिही.'
मी लिहीत गेले. एकतीस वर्षं.

आता घरी डिजिटल काटा आहे.
विश्रामच्या मूत्रपिंडांनी हात वर केले तेव्हा
कारेलीबागच्या डॉक्टरांनी कागद दिला:
दिवसाला प्रथिनं चाळीस ग्राम. डाळ मोजून.
एस.टी. डेपोत टाइमकीपर होता हा,
दोन वाट्या वरण ओरपून
तिसरीत पोळी कुस्करणारा माणूस.
आता काट्यावरच्या वीस ग्रामांकडे बघतो,
सुटणाऱ्या बसकडे बघावं तसा,
हातात शिट्टी नसताना.

वीस ग्राम म्हणजे साडेचार. मी तोंडीच सांगते.
पोळ्यांचे सहा, दुधाचे तीन.
'तुला सगळं माहीत,' तो म्हणाला परवा,
'आपल्या डाळीत गूळ जास्त होतो, एवढं सोडून.
चाळीस वर्षं झाली. विचारलं नाहीस कधी.'

मला उत्तर सुचलं नाही.
कुकरची वाफ जिरत होती.
एकेक वजा करत गेल्यावर शेवटी उरतं
तसा हा समोर बसला होता, बनियनमध्ये,
चमच्याने रिकाम्या वाटीवर टकटक करत.

आज त्याच्यासाठी डाळिंब्या.
वाल दोन रात्री ओल्या फडक्यात,
मोड नखाएवढे.
सोलायला तास गेला, अंगठा हिरवा झाला.
भिजल्यावर वजन दुप्पट भरतं, तो हिशेब वेगळा,
तोही केला.
मग आणखी सात दाणे टाकले, काट्यावर न ठेवता.
गूळ नाही घातला.

पहिला घास त्याने बराच वेळ चावला.
'मीठ?' म्हणाला.
'मीठही वजा आहे,' मी म्हटलं.