टक, टक

स्टेजवर बोलायचं त्यांनी, हसायचं मी.
असा करार. शोमागं तीनशे रुपये,
साडी त्यांची, चमकी माझ्या आईनं लावलेली.

जादूगार टिपुगडे. पोस्टरवर नुसतंच 'टी. अनंत',
डोळ्यांतून विजा निघालेल्या, खाली छापखान्याचा पत्ता.
माईक हातात आला की
गूळ अडत्यांच्या वार्षिक कार्यक्रमात
पाचशे माणूस मुठीत.
"पाहुणं, किती वाजले? घड्याळ न्हाई?
सासऱ्यानं परत नेलं असंल!"
हशा वरच्या पत्र्याला जाऊन आपटायचा.

आणि शुक्रवार पेठेत जिच्या तोंडाला
कुलूप मिळत नाही म्हणतात, ती मी,
पेटीत गुडघे छातीशी घेऊन गप्प.
वरून करवत.

शो संपला की सगळं उलटं.
टेम्पोत मी बोलत सुटायची.
पहिल्या रांगेतली पोरगी कशी रडली,
पडद्याची दोरी, बुडालेलं भाडं,
पुढच्या महिन्यातलं कागलचं लग्न.
ते खिडकीकडं तोंड करून
कोटाची बटणं काढत असायचे, एकेक,
उसना आणलेला कोट जपून काढावा तशी.

गंगावेशीत रात्री दूध प्यायला थांबायचो.
म्हैस समोरच उभी, ग्लासात फेस.
एकदा धार काढणाऱ्यानं ओळखलं.
"आवो जादूवाले, एक दावा की आमास्नी!"
चार माणसं. फक्त चार.
पाचशेंच्या समोर ज्या बोटांतून कबुतर उडायचं
त्यांतून रुपया निसटला,
शेणात पडला.
मीच म्हटलं, "भावा, जादू दमलीया. उद्या ये."
ते ग्लासात बघत राहिले,
दूध कधीच संपलं होतं.

वाण्यानं वीस रुपये कमी दिले तर
तसेच घेऊन घरी यायचे.
लग्नात आहेर देऊन
मांडवाच्या मागनं, आचाऱ्याच्या चुलीजवळनं बाहेर.
वहिनी म्हणायच्या, ह्यांना गायब व्हायला
पेटी लागत नाही.

भाचा विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होता.
साठ प्रश्नांचा कागद घेऊन आला.
अनोळखी माणसांत तुम्हाला उत्साह वाटतो का?
फोन वाजला की आधी काय वाटतं?
त्यांनी दोनदा भरला,
एकदा कोट घालून, एकदा काढून.
भाचा म्हणाला, मामा, ही तर दोन माणसं निघाली.
एक कागद खोटा हाय.
मामा कोटाची घडी घालत होते.
"लोक उजव्या हाताकडं बघतात," म्हणाले,
"म्हणून डावा खोटा होतो काय रे?"
त्या आठवड्यातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

आता एक सांगते, वहिनींनाही माहीत नाही.
करवत लावायच्या आधी
बँजो चढायचा, ते हात फिरवून गरजायचे,
आणि त्याच क्षणी पेटीच्या तळाला
दोन बोटांनी टक, टक.
जादूत त्याचा काही उपयोग नव्हता.
बरी आहेस ना, एवढंच.
मी आतून एकदा.
बारा वर्षांत आम्ही एवढंच बोललो,
बाकीचं सगळं मी बोलले.

परवा गेले होते भेटायला.
दारातनंच ओरडले, "अण्णा, आलो बघा!"
पेटीवर इस्त्रीला द्यायचे कपडे.
कबुतरांच्या पिंजऱ्यात कांदे.
तासभर बोलले. सुनेचं, साखरेच्या गोळ्यांचं,
राजारामपुरीत बंद झालेल्या थिएटरचं.
त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली,
आणि टेबलाच्या खालून, कुठूनतरी,
टक, टक.

सुनेचं वाक्य अर्धंच राहिलं.
खुर्चीतल्या खुर्चीत
मी पाय आखडून घेतले.