एक सोळांश

फ्लॅश मुठीएवढा. चार पेन्सिल सेल खातो
आणि दर वेळी बारीक शिट्टी घालत पुन्हा पोटात वीज भरतो.
नुसता सोडला तर थप्पड मारल्यासारखा:
कपाळ पांढरं, नाकाखाली शाई,
मागच्या भिंतीवर माणसाहून मोठा काळा माणूस.

म्हणून त्याला वळण लावायचं.
स्टँडच्या मानेवर कलती पट्टी, पट्टीच्या भोकात छत्रीचा दांडा.
ब्रॅकेट गेल्या उन्हाळ्यात तुटलं, तेव्हापासून
वडिलांच्या मागाचा एक स्क्रू तिथे बसवलाय. घट्ट बसतो.
पायाशी पाच किलो ज्वारीची पिशवी,
कारण साखर पेठेत वारा म्हणजे पंखा,
आणि पंखा सगळा राग छत्रीवर काढतो.
सॉफ्टबॉक्सला पैसे नव्हते. पुठ्ठ्याचं खोकं,
आतून कडक भाकरीच्या पाकिटांची चांदी,
तोंडाला पांढरा टॉवेल, एक्स्पोर्टमधून परत आलेला,
किनारीला एक धागा चुकलेला.
उजेडाला तो धागा दिसत नाही. मला दिसतो.

नरसम्मा येमूल आल्या कार्डाच्या फोटोला.
"आठ काढ. लवकर. सातशे वळायच्या राहिल्यात."
कार्डाला चेहरा सपाट लागतो, दोन्ही कान, सावली नको.
काढला.
मग म्हणालो, मावशी, अजून एक, माझ्यासाठी. पैसे नाही घेत.
"फुकट काय असतंय रे?" म्हणाल्या,
पण उठल्या नाहीत.

इरेशनं खोकं डावीकडे उचललं.
खाली घे. अजून. थांब.
नाकाची सावली गालाला नुसती टेकू दे, घुसू देऊ नको.
पावर एक सोळांश.
टॉवेलातून गाळून उजेड आला, ताकासारखा,
आणि त्यांच्या डोळ्यात एक चौकोनी खिडकी उघडली,
जी आमच्या दुकानाला नाही.

स्क्रीन दाखवली. त्यांनी लांब धरून पाहिली.
"थोबाड काय, कुणाचंही असतंय. हात घे की."
आणि सहज, पदर सारखा करता करता,
रेशनच्या दुकानातलं मशीन सांगितलं:
अंगठा ठेवला की ते म्हणतं, ही बाई नाही.
दुसरा ठेवा. तिसरा ठेवा. ही बाई नाही.
चाळीस वर्षांच्या पानांनी बोटं पुसून काढलेली.

हातासाठी टॉवेल काढून टाकला.
मऊ उजेड इथे खोटं बोलला असता.
उघडा फ्लॅश, टेबलाच्या पातळीला, कडेनं,
व्यापारी पोत दाखवायला चादर
खिडकीकडे तिरपी धरतो तसा.
तळवा उठून आला: भेगा, कात्रीचा घट्टा,
नखाखालचा तंबाखूचा काळसर चंद्र.
फक्त बोटांच्या टोकांवरून उजेड घसरून गेला.
तिथे धरायला काहीच नव्हतं त्याला.

एक बत्तिसांश केला. वाढवला. इंचभर सरकवला.
मग चिडून फळीवरून वडिलांचं जकार्डचं एक कार्ड काढलं,
स्टँड उंच केला, कार्ड फ्लॅशपुढे हातभर अंतरावर
कपड्याच्या चिमट्यानं टांगलं.
चाचणीला उडवला.
टेबलावर क्षणभर ठिपके, कुठे दाट, कुठे नुसतीच रिकामी जागा.

"फुलाचं की मोराचं?" त्यांनी विचारलं.
एका कार्डावरून कळत नाही, मावशी.
एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. फुलाला चारशे लागतात.
"ते मला सांगतो होय? नवरा कार्डं शिवायचा."

पुन्हा उडवला. या वेळी त्या बघत राहिल्या, टेबलाकडे,
आणि अंधारल्यावर आठवणीनं हात पुढे सरकवला,
बोटं जराशी फाकवली, करंगळी मागे घेतली,
हिशोबी, पान कातरताना बघतात तसं.
"आता घे."

घेतला.
चार बोटं, चार टोकं, प्रत्येकावर बरोब्बर एक ठिपका.
त्या मोठ्यांदा हसल्या. "बघ, उमटला की ठसा."

आठ फोटोंचे चाळीस रुपये मोजून दिले,
नववा पदराखाली, पैसे न देता.
इरेश टॉवेल परत ताणून बसवत होता.
बाहेर साखरपुड्याचं जोडपं घाम पुसत उभं,
त्यांना मागे समुद्र हवा होता.
फ्लॅश अजून शिट्टी घालत होता, भरत होता.
कार्ड मी काढलं नाही.