चालून राहिला

तेहतीस वर्षं मी पूल काढले.
कागदावर.
हुद्दा अनुरेखक, टेबल खिडकीपासून तिसरं,
टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, टोकदार टू-एच.
उमरेड रोडवरच्या तीन मोऱ्या
अजून माझ्याच मापात वाकून पाणी सोडतात.
नकाशात माणूस काढायचा नसतो.
आमच्या खात्यात माणसाला स्केल नव्हतं.

निवृत्तीनंतर बर्डीवरून कोरी वही आणली.
आरशात बघून नाक काढलं.
नाक जमलं. माझं नव्हतं.

मग पहाटे साडेपाचला कळमना.
काटोलकडचे ट्रक, मृग बहाराची संत्री,
पिवळ्या बल्बखाली हमालांच्या तोंडची वाफ.
मी एका उलट्या क्रेटवर बसतो.
हमाल फळी चढतो,
त्याचं डोकं होईस्तोवर
तो फळी उतरलेला असतो.
वहीत नुसती डोकी,
लिलावातून बाजूला काढलेल्या
डागी फळांसारखी.

दुसऱ्या आठवड्यात मोजायला लागलो.
पाठ किती अंशात वाकते,
गुडघा कुठल्या बिंदूवर मोडतो.
रेषा चोख आल्या.
माणसं खांबांसारखी उभी राहिली,
त्यांच्यावरून भरलेला ट्रक गेला असता,
ती स्वतः मात्र कुठे गेली नसती.

देवमन नेवारे, बिल्ला एकशे चाळीस,
खर्रा घोटत मागे येऊन उभा.
बराच वेळ बघून म्हणाला,
‘माह्ये पाय कुठी गेले जी?’
राहिलेत काढायचे, म्हटलं.
‘मंग चालून कायच्या भरोशावर राहिलो मी?’

चालून राहिलो.
पुण्याहून बदलून आलेल्या एका साहेबानं
हे एकदा हसून दुरुस्त केलं होतं:
‘चालतोय’ म्हणा, ‘चालून राहिला’ काय!
मीही मान डोलावली होती.
त्याला काय सांगणार,
आमच्याकडे माणूस जाता जाताही राहतो,
जेवून राहतो, रडून राहतो,
मरून राहिला असं म्हणतात
आणि तो अजून खाटेवरून पाणी मागत असतो.

देवमननं खर्रा गालात सारला.
रिकाम्या खांद्यानंच फळी चढून दाखवली.
‘वजन इथी नसते,’ खांद्यावर थाप.
‘इथी असते.’
उजवा अंगठा.
नख काळं, मधोमध चिरलेलं,
फळीला धरून असलेलं
घोरपडीसारखं.

टू-एच खिशात टाकली.
पोहेवाल्या रंजूबाईच्या भट्टीतून
विझलेल्या कोळशाचा तुकडा मागितला.
ती तर्री ओतत होती; ओतता ओतता
तिचं मनगट थांबतं आणि पळी नंतर थांबते,
हे मला महिनाभर तिच्याकडे पोहे खाऊन
दिसलं नव्हतं.

पुढचा ट्रक. देवमन. क्रेट.
मी अंगठ्यापासून सुरू केलं.
टाच सोडली, पोटरी, कंबर, मानेचा मणका,
एकच वाक, हात न उचलता,
कागदाकडे न बघता.
तोंड नाही. हात नाहीत.
क्रेटच्या जागी तर काहीच नाही.
तरी पान उजवीकडे जड झालं.

त्यानं ते मागून घेतलं.
चार घड्या घालून
खर्र्याच्या पन्नीशेजारी ठेवलं.
मला वाटलं, गेलं.
कोळसा दुपारपर्यंत पुसला जाईल, घामानं.

दुसऱ्या दिवशी मी बसायच्या आधीच
तो समोर. कागद उघडलेला,
घड्यांवर रेषा थोडी फाकलेली.
‘रातभर चढूनच राहिलो नं जी मी याच्यात,’
म्हणाला. ‘आता उतरवा मले.’

तेच करतोय तेव्हापासून.
उतरताना टाच आधी येते
आणि अंगठ्याला काही काम उरत नाही,
तो नुसता वर बघतो.
सतरा पानं झाली.
देवमन रोज विचारतो.
अजून फळीवरच आहे.