मधला पत्ता

(एंगाडीन खोरं, एप्रिल १८७१)

पुडी इतकी हलकी, की टपालाचा काटा हलतही नाही.
तरी मी ती काट्यावर ठेवते. नियम आहे.
आत दगडफूल: वाळलेलं, राखी, कडेला कुरतडल्यासारखं.
आणि त्यावरून दोन शहाणी माणसं गेली तीन वर्षं
छापील कागदावर एकमेकांचे वाभाडे काढतायत.

ग्योटिंगेनचे होलमान म्हणतात, हा एक जीव नव्हेच;
बुरशीच्या जाळ्यात शेवाळाचे हिरवे मणी, दोघांचा एक संसार.
मोर्लेचे केरब्रा म्हणतात, वा!
उद्या म्हणाल, गाय म्हणजे गवत अधिक शेपूट.
‘हास्यास्पद’ हा शब्द होलमानांचा. मासिक, पान बेचाळीस.

लढाई पेटली तेव्हा दोघांनीही आमच्याच मास्तरांना लिहिलं.
इकडचा शिक्का तिकडे दिसला तर पुडी चुलीत जाते,
म्हणून मधला पत्ता: गुदेंच फिली, शाळामास्तर.
भिंग असलेला, बाजू नसलेला माणूस.
मी वरचं पाकीट फाडते, नवं चढवते,
आमचा शिक्का मारते.

एकदा होलमानांची पुडी वर्तमानपत्रात बांधून आली.
नमुने असेच बांधतात, रद्दीत.
पण त्या रद्दीवर सेदाँ होतं, जाड टायपात,
आणि खाली कैद्यांचा आकडा.
केरब्रांचा भाचा त्या आकड्यात कुठंतरी.
मी पान काढलं,
दगडफूल आमच्या जुन्या पंचांगात गुंडाळलं.
फेब्रुवारी: मेंढ्यांचा बाजार, ग्रहण नाही.
उलट टपाली केरब्रांनी विचारलं,
त्या कागदावरची भाषा कोणती? कानाला कशी लागते?

जानेवारीत मोर्लेहून काच आली,
कापसात, दोन काचांमध्ये एक पापुद्रा.
‘हे काल रात्री दिसलं.
धागा हिरव्या मण्याला विळखा घालतोय, अगदी स्वच्छ.
माझ्या विरुद्ध जातं. ठेवून घेतलं तर चोर ठरेन.
मत बदललेलं नाही.’

मत बदललेलं नाही.
ही ओळ मी दोनदा वाचली.
मग काच खिडकीशी धरली.
हिरवट डाग. बास, तेवढंच.

मार्चच्या अंकात होलमानांनी शब्द फिरवला:
‘हास्यास्पद’च्या जागी ‘अपुरं’.
केरब्रा लिहितात, अपुरं हा त्याहून मोठा अपमान. आभारी आहे.
सोबत समुद्रकाठच्या खडकांचे अकरा नमुने,
होलमानांनी मागितलेले,
ओहोटीत गुडघाभर पाण्यात उभं राहून खरवडलेले.
वय वर्षं सदुसष्ट.

आणि आता दोघंही, एकाच आठवड्यात, न ठरवता:
फिली, तुमचं काय मत?
तुम्ही हल्ली फार त्रोटक लिहिता.

त्रोटक. खरंय.
त्यांचं अक्षर मला जमतं, मत कुठून आणू?
‘नमुना पोचला. पुढे धाडला. थंडी आहे.’
यापलीकडे माझी कधी मजल गेली नाही.

काल भिंग खुंटीवरून काढलं आणि देवळामागं गेले.
उत्तरेची भिंत चारशे वर्षांची,
पिवळी, शेंदरी, कुणी देश आखून पुसल्यासारखी.
भिंगातून ती आणखी पिवळी दिसली.
एक की दोन, मोजता आलं नाही.
मग दहा पावलं पुढं,
जिथं मी भिंग घेऊन कधी गेले नव्हते.

रात्री दोन कागद घेतले.
एक फ्रेंचमध्ये, एक जर्मनमध्ये, चुका दोन्हींत.
मजकूर एकच:

‘गुदेंचच्या दगडावर अजून काही उगवलेलं नाही.
दोनच हिवाळे झालेत. म्हणतात, वेळ लागतो.
आलं की खरवडून पाठवीन, निम्मं निम्मं.
पत्ता तोच ठेवा.

सेराइना फिली’