रकाना सात

अर्जाच्या सातव्या रकान्यात विचारलंय: मातृभाषा.
जागा एका शब्दाची.

घरी आम्ही कानडी बोलतो, लिहिता कुणालाच येत नाही.
शाळा मराठी.
रझिया आपाच्या ओट्यावर शिकलेली दखनी,
राग अजून तिच्यातच नीट येतो मला.
तेलुगू बाजारातली, आकड्यांपुरती.
आणि इंग्रजी
मी चौदा वर्षं शिकवते उदगिरात
तासिका तत्त्वावर,
म्हणजे घंटा झाली की प्राध्यापक,
पुन्हा घंटा झाली की कुणी नाही.

मराठी लिहिलं. खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

इथल्या कायम जागेचा भाव मला ठाऊक आहे.
देवणीच्या बाजारात बैलाचा ठरतो तसा ठरतो,
रुमालाखाली, बोटं दाबून.
मीही एकदा हात घातला होता त्या रुमालात.
तिसरं बोट दाबलं गेलं
आणि काढून घेतला.

म्हणून पोलंड, स्लोव्हाकिया, लिथुआनिया.
बत्तीस अर्ज.
पदवीच्या कागदावर शिक्का, शिक्क्यावर शिक्का,
नांदेडहून मुंबई, मुंबईहून दिल्ली;
दिल्ली मी पाहिली नाही, माझी पदवी पाहून आली.
प्राचार्यांकडे अनुभवाचा दाखला मागितला.
'मॅडम, तासिकेचा अनुभव धरतात होय तिकडं?'
म्हणाले, आणि सही केली,
तारीख न टाकता.

नकार येतात ते फार सभ्य असतात.
'आपली निवड होऊ शकलेली नाही':
हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिलं,
म्हटलं, यातला कर्ता शोधा.
हाळीचा गजेंद्र उठला,
'मॅडम, कर्ता पळून गेलाय की!'
सगळा वर्ग हसला. मीसुद्धा,
पाठ फिरवून, फळा पुसत.

एकदाच मुलाखत आली.
त्यांचे सकाळचे दहा, आपले दुपारचे दीड,
आणि दीडलाच आमची लाइट जाते.
तनवीर रब्बानीच्या फोटो स्टुडिओत बसले, इन्व्हर्टरजवळ,
पाठीमागं तो निळा पडदा
ज्याच्यापुढं अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो निघालेत.
तनवीरनं सवयीनं सांगितलं, 'हनुवटी जरा खाली.'

पडद्यावर तिघं. मधले गृहस्थ म्हणाले,
एका जागेला एकशे चाळीस अर्ज आहेत,
त्यात साठ जणांची ही जन्माची भाषा.
ते देऊ शकत नाहीत असं
तुम्ही आमच्या मुलांना काय द्याल?

दीड पानाचं उत्तर पाठ होतं.
तोंडून निघालं: ए, ॲन, द.
माझ्या भाषेत ही नाहीत, मी म्हटलं.
'गाय आली' म्हटलं की कुठली ते ऐकणाऱ्याला कळतं,
नाही कळलं तर तो दारात जाऊन बघतो.
'द' कुठं लावायचा हे मला पाळण्यात कुणी सांगितलं नाही.
मी एकेक मोजून लावलाय,
अंधारात जिना उतरताना पायऱ्या मोजतात तसा.
तुमच्या मुलांना ठेच कुठं लागते ते मला माहीत आहे,
माझा अंगठा तिथंच फुटला होता.

कडेची बाई, युर्गिता, तोवर गप्प होती.
ती हसली. आमच्याही भाषेत 'द' नाही, म्हणाली.
मग थोडं थांबून:
मीही करारावरच आहे, जूनपर्यंत.
मधल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं.
तिच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होतं,
कुठलं बर्फ, कुणी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. कर्ता नव्हता.
खाली वेगळ्या अक्षरात एकच ओळ होती:
'गाय आली' तुमच्या लिपीत कशी दिसते?
लिहून फोटो पाठवला. तनवीरनंच काढला,
पैसे घेतले नाहीत.

'मॅडम, तुमी जाऊलालाव म्हणे?' गजेंद्र विचारतो.
बघू, म्हणते मी. पान काढ.

तेहेतिसावा अर्ज. रकाना सात.
या वेळी सगळं लिहायचं ठरवलं,
मशीन घेईल तेवढं घेईल.
कानडी, मराठी, दख